च्युइंगम आणि कानापुढचा सांधा

च्युइंगम चांगले की वाईट, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा दातांपुरताच विचारला जातो. त्यात साखर असते, दात किडतात, म्हणून आईवडील मुलांना रागावतात. मग कुणीतरी बिनसाखरेचे घ्यायला सांगते आणि विषय मिटतो. दातांपुरते ते उत्तर बरोबरही आहे. पण च्युइंगम चावताना दातांपेक्षा जास्त राबतो तो जबड्याचा सांधा, आणि त्याची आठवण कुणाला होत नाही. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, डोके दुखते म्हणून गोळी, दाढ ठणकतेसे वाटते म्हणून दाताचा एक्स-रे, अशा फेऱ्या होऊनही काही सापडत नाही. मग कधीतरी एखादे डॉक्टर विचारतात, ‘तुम्ही दिवसभर तोंडात काही चघळत असता का?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःलाच आधी विचारावा, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा सांधा हाताला लागू द्या. दोन्ही हातांच्या तर्जनी दोन्ही कानांच्या भोकांच्या किंचित पुढे टेकवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटांखाली काहीतरी पुढे सरकते आणि पुन्हा मागे येते. ते खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक. कवटीच्या हाडात एक उथळ खोबण असते, तिथे ते बसलेले असते. वैद्यकात या सांध्याला टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट म्हणतात, थोडक्यात टीएमजे. तोंड थोडेसे उघडताना तो दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरतो. तोंड आणखी उघडले की हाडाचे टोक खोबणीतून निघून पुढे घसरते. फिरणे आणि घसरणे अशी दोन्ही कामे करणारे सांधे शरीरात फार नाहीत. शिवाय डावा आणि उजवा सांधा म्हणजे एकाच हाडाची दोन टोके. एकाला सुटी देऊन दुसऱ्याकडून काम करून घेता येत नाही.

हाडाचे टोक आणि खोबण यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो त्यावरच तिचे पोषण चालते, आणि हालचालीमुळे हा द्रव आत खेळता राहतो. म्हणून हालचाल ही सांध्याची शत्रू नाही. जेवणे, बोलणे, हसणे, जांभई देणे, गाणे यासाठीच तो आहे. त्रास सुरू होतो तो भार न थांबता पडत राहिला की. त्यातही आधी थकतात ते स्नायू. दात घट्ट दाबून गालावर हात ठेवा. जबड्याच्या कोनाजवळ टणक होणारा गोळा जाणवेल. तसाच हात कानशिलावर ठेवला तर तिथेही एक स्नायू फुगतो. च्युइंगम चावण्याचे बहुतेक काम या दोघांचे. जबडा दुखतो म्हणून येणाऱ्या रुग्णांमध्ये दुखणे सांध्यापेक्षा या स्नायूंचे असण्याचे प्रमाण मोठे आहे. आणि ते दुखणे जिथे आहे तिथेच जाणवेल असेही नाही. गालातला स्नायू दुखावला की दाढ दुखल्यासारखी वाटते, कानात सणक येते. कानशिलावरचा दुखावला की डोके धरते.

आता च्युइंगमकडे येऊ. दिवसभरात आपले वरचे आणि खालचे दात एकमेकांना किती वेळ टेकतात? जेवण आणि गिळणे धरूनही तो वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. एरवी ओठ मिटलेले असतात, दात मात्र विलग असतात. मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. हीच जबड्याची विश्रांतीची अवस्था. च्युइंगम चावताना आपण साधारण सेकंदाला एकदा जबडा हलवतो, म्हणजे तासाभरात सुमारे 3600 वेळा. एकेका चावण्याचा जोर फार नसतो. भाजलेले शेंगदाणे चावायला त्याहून जास्त ताकद लागते. पण शेंगदाण्याचा घास चावून मऊ होतो, गिळला जातो, आणि पुढचा घास घेईपर्यंत स्नायू सैल पडतो. च्युइंगम गिळायचे नसते, ते विरघळतही नाही. त्याला शेवट नसतो. चव गेली तरी तोंड चालूच राहते, आणि चघळणाऱ्याला ते कळतही नाही. माझ्या मते सारी मेख इथे आहे: च्युइंगम जबड्याला काम देते त्यापेक्षा त्याची विश्रांती काढून घेते, हे जास्त वाईट.

याचा अभ्यास इस्रायलमध्ये बराच झाला आहे, कारण तिथल्या किशोरवयीन मुलींमध्ये तासन्‌तास च्युइंगम चघळण्याची सवय फार आढळली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 15–16 वर्षांच्या शाळकरी मुलींच्या तोंडाच्या सवयी आणि जबड्याच्या तक्रारी एकत्र तपासल्या गेल्या. खूप वेळ च्युइंगम चघळणे आणि सांध्यातले आवाज, दुखणे यांचा संबंध त्यात दिसला. पुढे 2014 च्या सुमारास तिथल्याच बालमज्जाविकार तज्ज्ञांनी वारंवार डोकेदुखी असलेल्या आणि रोज च्युइंगम चघळणाऱ्या 30 मुलामुलींना महिनाभर ते पूर्ण बंद करायला सांगितले. 26 जणांना स्पष्ट फरक पडला, त्यातल्या 19 जणांची डोकेदुखी थांबलीच. ज्यांनी पुन्हा चघळायला सुरुवात केली त्यांची डोकेदुखी थोड्याच दिवसांत परतली. हा अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावरून प्रत्येक डोकेदुखीचे खापर च्युइंगमवर फोडता येणार नाही. पण घरात सतत डोके दुखते म्हणणारी बारा-पंधरा वर्षांची मुलगी असेल आणि तिचे तोंड सदैव चालू असेल, तर महागड्या तपासण्यांच्या आधी एक महिना च्युइंगम बंद करून पाहायला काहीच खर्च येत नाही.

ही सवय असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो, असे मात्र नाही. व्हिव्हियन रिचर्ड्स च्युइंगम चघळत फलंदाजीला यायचा आणि त्याची ती ऐट पाहून आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी गल्लीत तसेच करून पाहिले. त्या सगळ्यांचे जबडे काही बिघडले नाहीत. त्रास कुणाला होण्याची शक्यता जास्त, याचे मात्र काही ठोकताळे आहेत. वीस ते चाळीस या वयातल्या स्त्रियांमध्ये जबड्याच्या तक्रारी पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. झोपेत दात खाणारे, कामाच्या ताणात नकळत दात आवळून बसणारे, ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत असे (अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवू शकणारे), पूर्वी हनुवटीवर मार बसलेले, आणि एखाद्या बाजूची दाढ नसल्यामुळे किंवा किडल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच बाजूने चावणारे. यांपैकी तुम्ही कुणी असाल तर तासन्‌तास चघळण्याची मुभा तुम्हाला नाही, असे समजा.

एकाच बाजूने चावण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. डाव्या दाढांनी चावले की डाव्या सांध्यावर भार पडतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चावण्याच्या त्या क्षणी बऱ्याचदा उलट बाजूच्या, म्हणजे उजव्या सांध्यावर भार अधिक येतो, कारण डावीकडे दाढांच्या मध्ये घास असतो आणि तोच बराचसा जोर पेलतो. म्हणून ‘उजवीकडे दुखते ना, मग मी डावीकडून चघळते’ हा उपाय उपयोगाचा नाही. त्याने दुखऱ्या सांध्याचे काम वाढूही शकते. बाजू बदलत राहिल्याने स्नायूंवरचा भार थोडा वाटला जातो इतकेच. दुखत असताना खरा उपाय एकच, तोंडातून ते काढणे.

किती चघळले तर चालते?

जबडा निरोगी असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर जेवणानंतर बिनसाखरेचे एक च्युइंगम दहा-पंधरा मिनिटे, फार तर वीस मिनिटे चघळायला हरकत नाही. त्याने लाळ वाढते, दातांवरचे आम्ल धुतले जाते, कीड लागण्याचा धोका थोडा कमी होतो. दातांना जो फायदा व्हायचा तो या वीस मिनिटांतच होतो, त्यापुढचे चघळणे निव्वळ सवय. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. चव गेली की थुंका; वेळ लक्षात ठेवायची ही सर्वांत सोपी खूण आहे. एका वेळी दोन-तीन गोळ्या तोंडात कोंबू नका. जितका मोठा गोळा तितकी मेहनत. मोठे फुगे काढण्याची हौस सांधा दुखरा असणाऱ्यांनी सोडून द्यावी, कारण फुगवताना जबडा पुढे ढकलला जातो आणि ती स्थिती सांध्याला मानवत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला च्युइंगम देऊच नये, त्याच्या घशात अडकण्याची भीती असते. आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल असते. घरात कुत्रा असेल तर ते पाकीट त्याच्या तोंडाला लागणार नाही असे ठेवा, कारण झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असते.

च्युइंगमला वैद्यकातही जागा आहे, हे विसरू नये. सिझेरियननंतर किंवा पोटाच्या काही शस्त्रक्रियांनंतर आतड्यांची हालचाल लवकर सुरू व्हावी म्हणून डॉक्टर मुद्दाम च्युइंगम चघळायला सांगतात. ते थोड्या दिवसांचे आणि ठरावीक वेळेचे असते. फक्त जबड्याचा जुना त्रास असेल तर त्यांना आधी सांगा.

‘जॉलाइन’चे वेड

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट सुरू झाली आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. इंटरनेटवर ‘जॉलाइन’ घडवणारे खास कडक च्युइंगम विकले जाते. साध्या च्युइंगमपेक्षा ते कितीतरी टणक असते. त्याच्याच जोडीला दातांत धरून चावायचे रबरी किंवा सिलिकॉनचे गोळे येतात. कुणी ग्रीसच्या कीओस बेटावरच्या झाडाचा डिंक, आपल्याकडे रुमी मस्तकी म्हणून ओळखला जातो तो, रोज तासतासभर चावतात. सोळा-सतरा वर्षांची मुले आरशात हनुवटी बघत हे करतात, आणि जबडा दुखू लागला की ‘स्नायू तयार होतोय’ म्हणून आणखी जोराने चावतात.

या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी हे स्पष्ट सांगू इच्छिते. चेहऱ्याची धारदार रेषा हाडाच्या आकारावर, त्वचेखालच्या चरबीवर आणि वयावर अवलंबून असते. चावून हाड घडत नाही. वाढतो तो गालातला स्नायू, आणि तो वाढला की चेहरा रेखीव होत नाही, तो जबड्याच्या कोनाजवळ रुंद, चौकोनी दिसू लागतो. व्यायामशाळेत दंड कमावताना एका दिवसाच्या मेहनतीनंतर दुसऱ्या दिवशी त्या स्नायूला विश्रांती देतात. जबड्याला ती सुटी कधीच मिळत नाही, कारण रोज जेवायचे आणि बोलायचे असतेच. त्यात कडक वस्तूचा भार पडला की चकती जागेवरून सरकणे, सांध्यात आवाज येणे, दाढेला तडा जाणे हे सगळे संभवते. मुलगा असे काही चावताना दिसला तर त्याला रागावण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून तोंड उघडायला सांगा. जबडा सरळ खाली येतो की एका बाजूला वळत येतो, मध्येच कट् असा आवाज होतो का, हे त्याला स्वतःला दिसू द्या.

तंबाखू सोडताना

च्युइंगमचा एक उपयोग असा आहे की त्याला मी कधीच नाही म्हणणार नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडू पाहणारा माणूस च्युइंगमचा आधार घेत असेल तर तो आधार काढून घेऊ नये. जबड्याच्या दुखण्यापेक्षा तोंडाचा कर्करोग हजार पटींनी वाईट. पण निकोटीनचे च्युइंगम साध्या च्युइंगमसारखे चावायचे नसते आणि ही चूक फार जण करतात. ते सावकाश काही वेळा चावायचे; तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे; ती चव ओसरली की पुन्हा थोडे चावायचे. असे अर्धा तास. सतत चावत राहिले तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, छातीत जळजळते, आणि जबडाही दुखतो. सांध्याचा त्रास आधीपासून असेल तर निकोटीनची पट्टी किंवा तोंडात ठेवून विरघळणारी गोळी आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे.

इथेच एक महत्त्वाचा फरक सांगून ठेवते. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाचे तोंड एवढे, म्हणजे 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, उघडायला हवे. उघडत नसेल तर आपल्याकडे कारण नेहमी सांधाच असतो असे नाही. सुपारीने गालांच्या आतल्या अस्तराखाली तंतू वाढत जातात, गाल कडक होतात, तिखट खाल्ले की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तो कर्करोगाच्या वाटेवरचा विकार मानला जातो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण विदर्भातला खर्रा, ठिकठिकाणचा मावा आणि सुगंधी सुपारी खाणारे आजही अवतीभवती दिसतात. अशा माणसाने ‘तोंड मोकळे होईल’ म्हणून च्युइंगम चावत बसू नये. सुपारी त्या दिवशी बंद करावी आणि तोंड दंतवैद्याला दाखवावे.

दुखू लागले तर

सकाळी उठल्यावर गाल जड वाटणे, जेवताना अर्ध्यावर जबडा थकणे, कानापुढे दाबले की दुखणे, जांभई देताना सणक येणे, संध्याकाळी कानशिले ठणकणे, यांपैकी काही होत असेल तर तीन ते चार आठवडे च्युइंगम पूर्ण बंद. कमी करून पाहू नका. कमी केले की मोजदाद राहत नाही आणि फरक पडला की नाही हे कळत नाही. बहुतेकांची दुखणी एवढ्या काळात पुष्कळ निवळतात, आणि निवळली तर कारणही आपोआप उमगते.

या आठवड्यांत जेवण मऊ ठेवा. वरणभात, मुगाची खिचडी, उपमा, घावन, इडली, शिजवलेल्या भाज्या. भाकरी सोडायची गरज नाही, दुधात किंवा आमटीत कुस्करून खा. चिक्की, चणे-फुटाणे, कडक डिंकाचे लाडू, उसाची कांडी, चिवट मटण, आणि अर्थातच सुपारी यांना सुटी. पेरू किंवा सफरचंद अख्खे चावू नका, फोडी करा. वडापाव एका घासात मावेल एवढे तोंड उघडण्याऐवजी तुकडे करून खा. लोक हसले तर हसू द्या.

गालावर आणि कानापुढे दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे ओला शेक द्या: कोमट पाण्यात पिळलेला जाड पंचा पुरतो. नुकताच मार लागला असेल किंवा दुखणे अचानक उमळले असेल तर पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ जास्त आराम देतो. शेकानंतर गालातला तो गोळा बोटांच्या टोकांनी हलकेच गोल चोळा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आठवडाभर घेत राहू नका. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटात अल्सर आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र औषधाची नाही, सवयीची आहे. ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे जिथे टेकते तिथे ते हलकेच राहू द्या. ओठ मिटलेले, दात विलग. ही जबड्याची घरी असण्याची जागा. च्युइंगम बंद केल्यावर पुष्कळ जणांच्या लक्षात येते की आपण काही चघळत नसतानाही दात आवळून बसलेले असतो: संगणकासमोर, स्कूटर चालवताना, पोळ्या लाटताना, मुलाचा अभ्यास घेताना. याला एक साधी युक्ती आहे. तीन-चार टिकल्या घ्या. एक फोनच्या मागे, एक संगणकाच्या कडेला, एक ओट्यापुढच्या फरशीवर चिकटवा. टिकली नजरेला पडली की दात टेकलेले आहेत का पाहा, असतील तर सोडा. च्युइंगम हे बऱ्याचदा याच आवळण्याचे दिसणारे रूप असते, आणि ते सोडून आवळणे तसेच ठेवले तर दुखणे अर्धेच जाते.

जांभई येताना जीभ टाळूला लावा आणि हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा मर्यादेबाहेर जाणार नाही. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून बोलू नका. पालथे झोपून गाल उशीत दाबू नका. किडलेली किंवा पडलेली दाढ असेल तर तिचे काम करून घ्या. ती तशीच असली तर एका बाजूने चावणे कधीच सुटत नाही. तीव्र दुखणे ओसरल्यावर जीभ टाळूला लावून, ती सुटणार नाही एवढेच तोंड उघडायचे आणि मिटायचे, असे सहा वेळा, दिवसातून काही वेळा करा. वेदना होईल इतके ताणायचे नाही.

च्युइंगमच्या जागी काय, हे तुम्ही ते कशासाठी चघळता यावर ठरेल. तोंडाला वास येतो म्हणून असेल तर चूळ भरा, जीभ साफ करा, बडीशेप खा. वास तरीही राहिला तर हिरड्या तपासून घ्या. रात्री गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून असेल तर गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे झोपा, च्युइंगमवर विसंबू नका. विमानात कानाला दडे बसतात म्हणून असेल तर पाण्याचे छोटे घोट गिळत राहा. औषधांमुळे किंवा मधुमेहामुळे तोंड कोरडे पडते म्हणून असेल तर हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असायला हवे.

कट् असा आवाज, आणि त्याहून गंभीर

तोंड उघडताना कानापुढे कट् असा आवाज येतो म्हणून अनेकजण घाबरतात. चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि हाडाचे टोक तिच्यावर चढताना हा आवाज होतो. पुष्कळ निरोगी लोकांत तो असतो. दुखत नसेल, अडकत नसेल, तर त्यावर उपचारांची गरज नसते. आवाज ‘घालवण्यासाठी’ कुणी मोठा खर्च सांगितला तर थांबून दुसरे मत घ्या. पण नेहमी येणारा आवाज एकदम बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तर चकती अडकली असण्याची शक्यता आहे; आठवडे न घालवता दाखवा. वाळू घासल्यासारखी करकर येत असेल तर सांध्याची झीज तपासावी लागते. जबडा निखळून तोंड उघडेच राहिले तर लगेच रुग्णालय गाठा. घरात कुणी ढकलून बसवू नये.

काही वेळा जबड्याचे दुखणे जबड्याचे नसतेच, आणि तिथे च्युइंगम बंद करून वाट पाहणे जिवावर बेतू शकते. जिना चढताना किंवा चालताना जबडा दुखतो आणि थांबले की दुखणेही थांबते, सोबत छातीत दडपण, दम, घाम असे काही असेल तर ते हृदयाचे असू शकते. पन्नाशीनंतर कानशिलाजवळ नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा थकणे, डोक्याला फणी लावली तरी दुखणे, नजर अंधुक होणे, हे रक्तवाहिनीच्या दाहाचे लक्षण असू शकते आणि दृष्टी वाचवायची तर त्याच दिवशी डॉक्टर हवेत. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका घ्यावी. गालावर सूज, ताप, बधिरपणा, किंवा मार लागल्यावर दात पूर्वीसारखे न जुळणे, यांतही थांबू नये.

एवढे काही नसेल आणि चार आठवड्यांत फरकही नसेल, तर आधी दंतवैद्याकडे जा. गरज पडल्यास ते मुखशल्यचिकित्सकाकडे किंवा जबड्याचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी हे सगळे विभाग एका छताखाली असतात. दीर्घकाळ चालणाऱ्या जबड्याच्या दुखण्यावर 2023 च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलने जी मार्गदर्शक तत्त्वे छापली त्यांत व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि मनावरचा ताण हाताळण्याचे प्रशिक्षण यांना अग्रक्रम दिला आहे. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी सगळे दात घासून नवा ‘बाइट’, म्हणजे दात जुळण्याची नवी ठेवण, बसवू असे म्हणाले तर होकार देऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

जाताना एका कागदावर आठवडाभराचे लिहून न्या: कधी दुखते, किती वेळ, कुठल्या बाजूला, सकाळी जास्त की संध्याकाळी, तोंड किती बोटे उघडते, रात्री दात खाता का (हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा), कुठली औषधे चालू आहेत. आणि च्युइंगम, सुपारी, तंबाखू यांतले काय, दिवसाला किती आणि किती वेळ, हे खरे खरे लिहा. दुखणे पूर्ण गेल्यावर पुन्हा चघळावेसे वाटलेच, तर निदान महिनाभर बिनदुखीचा जाऊ द्या. मग अर्धी गोळी, एका जेवणानंतर, पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाल जड वाटला, तर तुमच्या सांध्यासाठी ती पाच मिनिटेही जास्तच आहेत.